सहावी ते आठवीची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमकं काय शिकतात?

तुम्ही लिहिलंय की भाची पाचवी पास झाली, बहीण आणि दाजी गावातच असतात, आणि तिला गावच्या जिल्हा परिषद शाळेत ठेवायचं की तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं यावरून घरात दोन तट पडलेत. ‘तिथे मुलं दिवसभर करतात तरी काय?’ असं तुम्ही विचारलंत. मी मराठवाड्यात, ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. तेरा वर्षं झाली. तुमच्या गावची शाळा मी पाहिलेली नाही, म्हणून माझ्या वर्गात यंदा काय झालं तेच सांगते.

सातवीच्या गणितात पायथागोरसचा सिद्धांत आहे. यंदा तो धडा यायच्या सुमारास शाळेमागच्या परसबागेत वाफे आखायचे होते. एका मुलाचे वडील गवंडी आहेत, ते मदतीला आले. त्यांनी कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका बाजूला ३ फुटांवर खूण केली, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवत राहिले. ५ आलं तसे म्हणाले, “आला कोपरा गुण्यात,” म्हणजे काटकोन जमला. पोरानं विचारलं, “पप्पा, पाचच का?” ते म्हणाले, “आमच्या मिस्त्रीनं असंच शिकवलं.”

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फक्त तीन चौरस काढले. ९ आणि १६ मिळून २५. तो मुलगा जागेवरून उठलाच. ६, ८, १० चालेल का? जाऊन मोजलं, चाललं. ५, १२, १३? तेही चाललं. एका मुलीनं २, ३, ४ घेऊन पाहिलं तर कोपरा बसेना. तिनं वहीत लिहिलं: “२ आणि ३ च्या वर्गांची बेरीज १३ येते, पण ४ चा वर्ग १६ आहे. म्हणून कोपरा जास्त उघडला.” विशालकोन हा शब्द तिला त्या क्षणी सुचला नव्हता, पण गोष्ट तिला पुरती कळली होती. ते पान मी फोटो काढून ठेवलंय.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या पानात आहे. पाचवीपर्यंत मूल ‘कसं करायचं’ ते शिकतं. सहावीपासून ‘असंच का’ हा प्रश्न त्याच्या डोक्यात येऊ लागतो, आणि तो प्रश्न विचारायला वर्गात जागा आहे का यावर ही तीन वर्षं ठरतात.

सहावीला पूर्णांक संख्या येतात, शून्याखालच्या. आमच्याकडे त्या शिकवायला विहीर पुरते. काठ म्हणजे शून्य. उन्हाळ्यात पाणी उणे ४२ फुटांवर, पावसाळ्यात उणे ३५ वर. पाणी वाढलं की कमी झालं? अर्धा वर्ग म्हणाला, पस्तीस लहान, म्हणजे कमी झालं. उरलेला अर्धा वर्ग हसला, कारण सकाळी पाणी शेंदून आलेली मुलं त्यात होती. पंधरा मिनिटं भांडण चाललं. मी मध्ये पडले नाही.

आठवीला चक्रवाढ व्याज. मुलांच्या आया बचतगटात आहेत, त्यामुळे ‘शेकडा दोन’ हा शब्द घरोघरी माहीत. १०,००० रुपये घेतले, दरमहा २ टक्के, वर्षाला सरळव्याज २,४००. आता व्याज भरलंच नाही आणि ते मुद्दलात चढत गेलं तर? मुलांनी बारा ओळींत बारा महिने मांडले, दर महिन्याची रक्कम १.०२ ने गुणत गेले. शेवटी व्याज आलं सुमारे २,६८२. फरक फार वाटला नाही. मग एकानं विचारलं, “मॅडम, तीन वर्षं दिलंच नाही तर?” ते काढलं, तेव्हा १०,००० चे २०,००० च्या पुढे गेले. वर्ग एकदम गप्प झाला. मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे, घरात असलेली मुलं होती ती. त्यातल्या एका मुलीनं संध्याकाळी आईकडून हिशेबाची वही मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला आणून दाखवली. त्या वहीत काय होतं ते इथे लिहिणं योग्य नाही.

विज्ञानात सातवीला ‘अन्नपदार्थांची सुरक्षा’ हा धडा आहे, त्यात भेसळ येते. मुलांनी घरून दुधाचे नमुने आणले, आम्ही प्रत्येकात आयोडीनचा थेंब टाकला. पीठ मिसळलं असेल तर दूध निळं व्हायला हवं. कुणाचंच झालं नाही आणि मुलं हिरमुसली. वहीत ‘स्टार्च आढळला नाही’ असं लिहायला लावलं, मग एका नमुन्यात भाताची पेज घालून पुन्हा तपासलं. ते निळं झालं तेव्हा कुठे त्यांना आधीच्या निकालावर विश्वास बसला. माझ्या शाळेत वेगळी प्रयोगशाळा नाही. एक कपाट आहे आणि दोन टेबलं.

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत शिकायची असते. ती शाळेपासून शंभर पावलांवर आहे, म्हणून आमचे सामाजिक शास्त्राचे सर मुलांना २६ जानेवारीच्या ग्रामसभेला घेऊन गेले. तिथे मुलींनी शाळेच्या फाटकापुढे साचणाऱ्या सांडपाण्याचा अर्ज दिला, पोच घेतली आणि पोचेची प्रत वर्गात चिकटवली. मार्चमध्ये तिथे पाइप टाकला गेला. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूकही होते. मोबाईलवरच्या मतदान यंत्रासारख्या अॅपवर बटण दाबायचं, बोटाला शाई, केंद्राध्यक्ष आठवीचा. यंदा मुख्यमंत्री मुलगी आहे आणि पोषण आहार मंत्री फार कडक आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. ६४ मुलं हजर असली तर ९ किलो ६०० ग्रॅम तांदूळ, हा गुणाकार त्याला तोंडपाठ आहे आणि तांदूळ मोजताना तो स्वयंपाकाच्या ताईंच्या शेजारी उभा असतो.

शनिवार दप्तराविना असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस बिनदप्तराचे आणि स्थानिक कारागिरांकडून काही शिकण्याचे सांगितले आहेत, आणि आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आहे. काही शाळांत तो नुसता खेळात जातो. आम्ही कुंभाराकडे गेलो, सुताराकडे गेलो, आणि गवंड्याची गोष्ट तर वर सांगितलीच.

आता जे चांगलं नाही तेही ऐका. सहावीत आलेल्या माझ्या २८ मुलांपैकी ९ जणांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. जून-जुलै मी त्यातच घालवते, पुस्तक मागे पडतं. दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलं निघून जातात. हंगामी वसतिगृहामुळे काही राहतात, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ‘धाकट्याला सांभाळायला’ म्हणून नेतातच. एप्रिलमध्ये ती परत येते तेव्हा अर्धं वर्ष तिच्या हातून गेलेलं असतं. त्या मुलींच्या वह्या नोव्हेंबरच्या तारखेला थांबलेल्या दिसतात, आणि दरवर्षी त्या पाहताना मला त्रास होतो. शिक्षकांना नको तितकी ऑनलाइन माहिती भरावी लागते, ती भरताना समोर वर्ग बसलेला असतो, हेही खरं. आणि बोलण्यातलं इंग्रजी आमच्या मुलांचं कच्चं आहे. सेमी इंग्रजी असलं तरी गणितातल्या संज्ञा इंग्रजीत येतात, त्या पलीकडे फार नाही.

मूल्यमापनाबद्दल तुमच्या दाजींचा गैरसमज आहे. ‘आठवीपर्यंत ढकलतच नेतात’ असं आता नाही. वर्षभराचं आकारिक आणि सत्राअखेरचं संकलित असे दोन भाग असतात. सातवी-आठवीला आकारिकाला ४० टक्के आणि संकलिताला ६० टक्के भार. आणि २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात थांबावं लागतं.

पैशांचीही एक बाब आहे, ती फार थोड्या पालकांना माहीत असते. आठवीला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. ही शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठीच आहे. तालुक्याची ती इंग्रजी शाळा विनाअनुदानित असेल तर भाचीला परीक्षेलाच बसता येणार नाही.

मग ठरवायचं कसं? शाळेत जाऊन विचारा की सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांसाठी प्रत्येकी एक शिक्षक प्रत्यक्ष हजर आहे का. शिक्षण हक्क कायद्यानं तो असायला हवा, पण पदं रिकामी राहतात. गणित-विज्ञानाची जागा दोन वर्षं रिकामी असेल तर मी स्वतः सांगेन, दुसरी शाळा बघा. आठवी त्याच शाळेत आहे की सातवीलाच शाळा संपते, तेही बघा. सातवीला संपत असेल तर दोन वर्षांत मुलीची शाळा बदलणार, आणि गावाबाहेर जावं लागलं की तेराव्या वर्षी मुलींचं शिक्षण कुठे अडतं ते मी पाहिलंय.

शिक्षक असतील तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, तिला गावातच ठेवा. रोजचे दोन तास बसमध्ये जाणार नाहीत, आणि विहीर, बचतगट, ग्रामसभा तिच्या पुस्तकाशेजारी राहतील. इंग्रजीसाठी तुम्ही मामा आहात ना? रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं फोनवर तिच्याशी इंग्रजीत बोला.

आणि शाळेत जाल तेव्हा सातवीतल्या एखाद्या मुलीची गणिताची वही मागून बघा. खाडाखोड दिसली, एखाद्या उदाहरणाखाली तिच्या स्वतःच्या शब्दांत दोन ओळी दिसल्या, तर प्रवेशाचा अर्ज त्याच दिवशी भरा.