आयव्हीएफ चालू असताना नैराश्याच्या चाचणीत १४ गुण आले, म्हणजे मला डिप्रेशन आहे का?

मी वंध्यत्व उपचार केंद्रात समुपदेशक आहे. हे फॉर्म रोज हातात असतात, म्हणून पीएचक्यू-९ या नैराश्याच्या चाचणीतली आपली सगळी उत्तरं पाठवून हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्हाला लिहिते.

आधी तुमची मोठी धास्ती: मन असं असल्यामुळे ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) फुकट जाईल का? जॅकी बोइवन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली. उपचाराआधी ज्या खूप चिंतेत किंवा उदास होत्या, त्यांना गर्भ राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी दिसली नाही. त्यामुळे ‘टेन्शन घेऊ नकोस, मग राहील’ म्हणणाऱ्या मावश्यांचं खुशाल ऐकून सोडून द्या.

आता ते १४. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले की नीट बोलून तपासावं, असा संकेत आहे. फॉर्म निदान करत नाही. कोणाशी बोलायला हवं एवढंच सांगतो.

तुम्ही प्रत्येक उत्तर लिहिलंत हे फार बरं झालं. झोप ३, थकवा ३, भूक २; म्हणजे १४ पैकी ८ गुण शरीराचे. तुम्ही प्रोजेस्टेरॉनवर, म्हणजे गर्भ टिकावा म्हणून देतात त्या हार्मोनवर आहात. त्याने सुस्ती येते, पोट फुगतं. शिवाय हा फॉर्म मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो, आणि तुमचे ते दोन आठवडे नेमके ट्रान्सफर ते बीटा एचसीजी (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी) यांच्यामधले, वाट बघण्याचे. या दिवसांत गाढ झोप लागलेली बाई मला क्वचितच भेटते. (औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.)

म्हणून हे ८ बाजूला ठेवून मोकळं व्हावं का? नाही. ‘कशातच रस न वाटणं’ २ आणि ‘उदास, निराश वाटणं’ २. हे पहिले दोन प्रश्न वेगळे काढूनही वापरतात आणि तिथे ६ पैकी ३ आले तरी पुढे विचारपूस करायची असते. तुमचे ४ आहेत. शिवाय ‘आपण अपयशी आहोत’ याला २. हे गुण प्रोजेस्टेरॉनच्या खात्यावर सरसकट टाकता येणार नाहीत. मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला न जाणं वेगळं, आणि आवडतं काम, गाणं, गप्पा सगळंच नकोसं होणं वेगळं. यातलं तुमचं कोणतं, हे समोर बसूनच कळेल.

नववा प्रश्न, जगणं नकोसं वाटण्याचा, तिथे शून्य आहे. तिथे १ जरी आला, तरी एकूण बेरीज न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

क्लिनिकमध्ये हॅड्स हा चिंता आणि नैराश्य मोजणारा फॉर्म आहे का, ते विचारा. १९८३ मध्ये झिगमंड आणि स्नेथ यांनी तो शारीरिक आजारांच्या रुग्णांसाठीच बनवला, म्हणून त्यात भूक-थकव्याचे प्रश्न गाळलेत. चिंतेचे ७ प्रश्न, नैराश्याचे ७, गुण वेगवेगळे मोजायचे. प्रत्येकात ११ किंवा जास्त आले तर गंभीरपणे घेतात. तुमच्यासारख्यांना तो जास्त न्याय देतो, असं माझं मत. फर्टिक्यूओएल हा आणखी एक फॉर्म खास वंध्यत्वासाठी आहे, पण तो जीवनमान मोजतो आणि त्यात गुण जास्त म्हणजे स्थिती चांगली. हे उलटं वाचून घाबरलेली जोडपी मी पाहिली आहेत.

कोणताही फॉर्म भरताना शेजारी सासूबाई किंवा नवरा नको. कोणी वाकून बघत असलं की सगळीकडे शून्य पडतात! आणि नवऱ्याला वेगळा फॉर्म द्यायला सांगा. दोष त्याच्या रिपोर्टमध्ये असो वा नसो, त्याला कोणी विचारतच नाही.

२०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार समुपदेशन देणं हे क्लिनिकचं काम आहे, त्यामुळे वेळ मागायला संकोच करू नका. बीटाचा निकाल काहीही येवो, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पीएचक्यू-९ पुन्हा भरा आणि दोन्ही कागद समुपदेशकासमोर ठेवा. पहिल्या दोन प्रश्नांचे आकडे तेव्हाही तिथेच असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा आणि गर्भ राहिला असेल तर ते त्यांना आधी सांगा, म्हणजे औषध त्या हिशोबाने निवडतील.