गजकर्ण औषधाला 'दाद' देत नाही, ती कुठली दाद?

नौपाड्यातून एका वाचकाने विचारलंय: बुरशीवर औषध चालेनासं झालं, तर 'बुरशीची प्रतिकारशक्ती' म्हणावं की 'प्रतिरोध'?

प्रतिरोध. प्रतिकारशक्ती आपली, रोगाशी लढणारी; ती बुरशीला कशाला बहाल करायची? ठाणे स्टेशनाबाहेरच्या औषधाच्या दुकानात तर नेहमी ऐकू येतं, "अंगाला मलमाची सवय झाली." अंगाला नाही हो, बदलते ती बुरशी! टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध तिच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं, त्यामुळे तिच्या पेशीच्या आवरणाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनत नाही. त्या विकराच्या जनुकात नेमक्या जागी बदल झाला की औषधाला पकडच मिळत नाही. आपल्याकडच्या हट्टी गजकर्णामागे बऱ्याचदा हेच असतं. त्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालं, त्यातल्या 'इंडो'त भारत आहेच.

पण मराठीने हे कधीच सांगून ठेवलंय: रोग औषधाला दाद देत नाही. ही दाद फारसी, अर्थ न्याय. म्हणून ती मागायची, म्हणून दादफिर्याद. वाशीचे एक व्याकरणप्रेमी स्नेही मात्र ती संस्कृत 'दा', म्हणजे देणे, यातून काढतात आणि ठासून सांगतात. साफ चूक! प्राचीन फारसीत 'दात' म्हणजे कायदा, घालून दिलेला नियम. त्याचा धातू आपल्या 'धा'चा, ठेवणे या अर्थाच्या धातूचा, सख्खा भाऊ. इराणी भाषांत ध चा द होतो, एवढं लक्षात घेतलं असतं तर पुरे होतं. त्याच 'धा'पासून संस्कृतात 'हित' झालं. दाद आणि हित एका घरातले!

आणि हिंदीत गजकर्णालाच 'दाद' म्हणतात. ती दाद वेगळ्या कुळातली, संस्कृत 'दद्रु'ची. तिचे भाऊबंद थेट युरोपात सापडतात: इंग्रजीत जुना शब्द 'टेटर', लिथुआनियनमध्ये 'देदेर्विने'. म्हणजे या भाषा एकमेकींपासून दुरावल्या त्याआधीपासून माणूस खाजवतोय! 'दाद दाद देत नाही' असं कुणी म्हणालं, तर पहिली दाद दद्रुची, दुसरी इराणातली.

तेव्हा अहवालात 'प्रतिरोधी' लिहा, बोलताना 'दाद न देणारी बुरशी' म्हणा. फक्त स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज थांबली, तर त्याला दाद देणं म्हणू नका. तिथे त्वचेचा दाह तेवढा दबतो. बुरशी खाली पसरतच असते.