रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डाचा बॅकअप कसा घ्यावा?

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं कार्ड विंडोजच्या लॅपटॉपला लावून सगळ्या फायली कॉपी केल्या तर बॅकअप होतो का, असं तुम्ही विचारलंय. नाही होत. कार्डावर दोन पार्टिशन, म्हणजे वेगळे भाग, असतात: पाय सुरू करणाऱ्या (बूटच्या) फायलींचं छोटं, फॅट३२ पद्धतीचं, आणि लिनक्स सिस्टिमचं मोठं, ईएक्सटी४ पद्धतीचं. विंडोजला पहिलंच वाचता येतं. दुसऱ्याबद्दल ते ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारेल, तिथे चुकूनही हो म्हणू नका.

माझ्या घरचा पाय गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी नोंदवतो. दोन पावसाळ्यांपूर्वी एका रात्री वीज तीनदा गेली-आली आणि सकाळी तो सुरूच होईना. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की असं होऊ शकतं. नव्या कार्डावर सिस्टिम बसवायला तासभर लागला, पण आठ महिन्यांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. म्हणून आता सिस्टिमचा बॅकअप वेगळा घेतो आणि नोंदींचा वेगळा.

सिस्टिमसाठी पाय रीतसर शटडाउन करा, कार्ड काढा आणि विन३२ डिस्क इमेजर या विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये ‘रीड’ करून अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल, काढा. लिनक्सवर हेच काम डीडी ही कमांड करते, फक्त कुठून आणि कुठे यांची अदलाबदल होऊ देऊ नका, नाहीतर कार्डच पुसलं जाईल. ३२ जीबीच्या कार्डाची इमेज ३२ जीबीचीच होते, मग आत ५ जीबीच भरलेले असोत. शिवाय दुसऱ्या कंपनीचं ३२ जीबीचं कार्ड थोडं लहान निघालं तर ती त्यावर मावत नाही. लिनक्सवर चालणारा पायश्रिंक हा प्रोग्रॅम ती इमेज आटवून देतो.

पायवर डेस्कटॉप असेल तर याहून सोपा मार्ग आहे. अ‍ॅक्सेसरीजमधलं ‘एसडी कार्ड कॉपियर’ यूएसबी रीडरमधल्या दुसऱ्या कार्डावर थेट नक्कल करतं. पहिलं गेलं की दुसरं लावायचं. मी हेच करतो, दर दोन-तीन महिन्यांनी.

नोंदी मात्र रोज रात्री क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारं) आणि आरसिंक (फायली दुसरीकडे कॉपी करणारं) लावून दुसऱ्या मशीनवर पाठवा. नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये असतील तर चालू फाइल तशीच उचलू नका, त्याची स्वतःची बॅकअप कमांड आहे, ती वापरा.

इमेज काढलीत की त्याच आठवड्यात ती रास्पबेरी पाय इमेजरने दुसऱ्या कार्डावर लिहा आणि पाय त्यावर सुरू करून बघा. माझी पहिली इमेज अर्धवट निघाली होती, लॅपटॉपची डिस्क मध्येच भरली होती, आणि ते मला या तपासणीतच कळलं.