तोच पिक्चर पुन्हा पुन्हा का?

प्रश्न: ताई, माझी अकरावीतली मुलगी ‘द ब्रेकफास्ट क्लब’ सारखा बघते. १९८५ चा अमेरिकन पिक्चर, ना मोबाइल ना काही, मग आजच्या पोरांना त्यात सापडतं तरी काय? – एक आई, सातारा

उत्तर: अहो, मीही तो कितीतरी वेळा बघितलाय! गोष्ट एवढीशीच, इलिनॉयमधली शाळा, शनिवारची शिक्षा, पाच पोरं लायब्ररीत अडकलेली आणि ‘मी कोण’ यावर हजार शब्दांचा निबंध. एक हुशार, एक पैलवान, एक श्रीमंताघरची, एक विचित्र, एक गुंड, असे शिक्के आधीच बसलेले. मग डबे उघडतात, श्रीमंताघरच्या मुलीकडे जपानी सुशी, तर ती विचित्र मुलगी ब्रेडमधलं मांस फेकून त्यात साखर आणि कॉर्नफ्लेक्ससारखं सीरियल भरते आणि कुरुमकुरुम खाते, बघा, घर कसंय ते तिथंच कळतं.

पण मला खरं रडवतो तो हुशार मुलगा. शाळेत बनवलेला हत्तीच्या आकाराचा दिवा लागला नाही म्हणून नापास झाला आणि तेवढ्यावरून जीव द्यायचं त्याच्या मनात आलेलं! आपल्याकडच्या मार्कांच्या घरात हे कुणाला परकं वाटेल? तोच विचारतो, सोमवारी आपण मित्र राहणार का, आणि ती श्रीमंताघरची मुलगी खरं तेच सांगते, की नाही. उगाच गोड केलेलं नाही, म्हणून पोरांना पटतं.

शेवटी त्या विचित्र मुलीला नटवून ‘सुंदर’ करतात ते मात्र मला अजिबात आवडत नाही. मॉली रिंगवाल्ड, त्यातली नायिका, तिनं स्वतःच २०१८ मध्ये या पिक्चरमधल्या खटकणाऱ्या गोष्टींवर लिहिलंय. पुढच्या वेळी लेकीशेजारी बसा आणि तो दिव्याचा सीन आला की तिला बोलू द्या.