दोषी ठरल्यावर फक्त दया मागू नका

प्रश्न : शेताच्या बांधावरून २०२३ मध्ये झालेल्या भांडणात माझ्या धाकट्या भावाने शेजाऱ्यांना काठी मारली, त्यांचा हात मोडला. कलम ३२५ ची (जाणूनबुजून गंभीर दुखापत) केस न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालली. युक्तिवाद झाले आहेत, पुढच्या तारखेला निकाल आहे. तेव्हा भावाला नुकतंच अठरावं पूर्ण झालं होतं, आता एकविसावं पूर्ण व्हायला चार महिने आहेत. तो आयटीआय करतोय, आधीचा एकही गुन्हा नाही. घरात सगळ्यांनी सात वर्षांचा धसका घेतलाय. याच कलमाखाली इथे एकाला बाँडवर सोडलं, दुसऱ्याला दोन वर्षं लागली. आमचे वकील म्हणतात, दोषी ठरला तर दया मागू. शिक्षेला काही नियम असतो की नाही? आणि नसेल तर आधी काय बदलायला हवं?

उत्तर : ताई, सात वर्षांचा धसका आधी सोडा. कलमात कमाल सात वर्षं आहेत हे खरं, पण प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी स्वतः तीन वर्षांहून जास्त कैद देऊ शकत नाहीत. त्याहून कडक शिक्षा हवी असं त्यांना वाटलं, तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. खटला १ जुलै २०२४ पूर्वीच सुरू झालेला असेल, तर तुम्हाला जुना भादंवि (भारतीय दंड विधान) आणि जुनी फौजदारी प्रक्रिया संहिताच लागू आहे.

आता नियमाचं. कलम फक्त वरची मर्यादा सांगतं. तिच्या आत कुठे थांबायचं हे न्यायाधीश ठरवतात. शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं आखायला वैधानिक समिती नेमा, असं फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने २००३ मध्येच सुचवलं होतं. अशी तत्त्वं आपल्याकडे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सोमन खटल्यात स्पष्ट नोंदवलं. भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता आली तीही या तत्त्वांशिवायच. तिच्यात समाजसेवेची शिक्षा आहे, पण ती किरकोळ चोरी, दारू पिऊन गैरवर्तन अशा मोजक्या गुन्ह्यांपुरती.

तरी आधी काय बदलावं, यावर माझं मत ठाम आहे. वर्षांचा तक्ता नंतर करा. आधी शिक्षा ठरवणाऱ्यासमोर माणसाची माहिती जायला हवी. एकाच कलमात दोघांना वेगळी शिक्षा झाली म्हणजे अन्यायच झाला असं नाही, कारण काठी उचलणारे दोघे वेगळे असतात. पण त्यांच्यातला फरक कोर्टाला कळलाच नाही तर अन्याय होतो. जेवणाच्या सुट्टीआधी निकाल वाचला जातो, आरोपीला विचारलं जातं, ‘शिक्षेबद्दल काही सांगायचंय?’ तो हात जोडतो, वकील उभे राहून म्हणतात, ‘गरीब आहे, घरचा कर्ता आहे, दया व्हावी.’ निकालपत्रात एक ओळ जाते : आरोपीस शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकले. झाली सुनावणी! शिक्षेवरची सुनावणी हा उपचार नाही, आरोपीला त्याची बाजू पुराव्यासह मांडू दिली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने संता सिंग खटल्यात १९७६ मध्येच बजावलं आहे. त्यामुळे सुधारणेची सुरुवात माझ्या मते शिक्षेसाठी वेगळी तारीख आणि पुरेसे परिवीक्षा अधिकारी (आरोपीची माहिती काढून कोर्टाला अहवाल देणारे) इथून व्हावी. शिक्षेची वर्षं वाढवण्याची मागणी लोकप्रिय आहे, पण तिने ही पोकळी भरत नाही.

सुधारणेची वाट तुमचा भाऊ पाहू शकत नाही. पण त्याच्यासाठी कायदा आधीपासून आहे : अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडता येतं. ३२५ त्यात बसतं. शिवाय कलम ६ आहे. दोषी ठरताना वय एकविसाच्या आत असेल, तर कैद देण्याआधी कोर्टाला परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवावाच लागतो, आणि कैद दिलीच तर कारणं लिहावी लागतात. यासाठी गुन्ह्याच्या दिवशीचं वय मोजत नाहीत. म्हणून आता कुठल्याही निमित्ताने निकालाची तारीख पुढे मागू नका. त्या चार महिन्यांना फार किंमत आहे. ते उलटले तरी कलम ४ राहतंच, फक्त कोर्टावरचं बंधन सैल होतं.

शाळा सोडल्याचा दाखला आजच काढून पाहा. घटनेच्या दिवशी अठरा पूर्ण व्हायला एक दिवस जरी कमी असेल, तर बाल न्याय कायदा लागतो, आणि तो मुद्दा कुठल्याही टप्प्यावर मांडता येतो.

निकालाच्या दिवशी वकिलांच्या हातात लेखी अर्ज तयार हवा. त्यात कलम ४ व ६ चा उल्लेख, वयाचा पुरावा, आयटीआयची हजेरी आणि गुणपत्रक, राहत्या पत्त्याचा पुरावा, जामीनदार कोण राहणार ते आणि घरच्यांचं प्रतिज्ञापत्र. विनंती एकच : अहवाल येईपर्यंत शिक्षा सुनावू नये. परिवीक्षेचा विचार न करता शिक्षा दिली तर विशेष कारणं नोंदवणं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६१ नुसार बंधनकारक आहे, तेही अर्जात लिहा.

आता शेजाऱ्यांचं. त्यांचा हात मोडला, उपचारांचा खर्च झाला, कामही बुडालं असेल. परिवीक्षेवर सोडताना कोर्ट परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ५ खाली नुकसानभरपाई द्यायला लावू शकतं. ती आपणहून देऊ करा, आणि किती देऊ शकता ते अर्जात लिहा. ३२५ चा गुन्हा जखमीच्या संमतीने, कोर्टाच्या परवानगीने, तडजोडीने मिटवता येतो. ती परवानगी निकालाआधी मिळाली तर भाऊ निर्दोष सुटतो. मात्र त्यांच्या घरी चार माणसं घेऊन जाऊ नका. दबाव टाकल्याची एक तक्रार झाली तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. दोन्ही वकिलांमार्फतच बोला.

परिवीक्षा मिळाली तरी दोषसिद्धी पुसली जात नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १२ मुळे तिच्यासोबत कायद्याने येणारी अपात्रता टळते, पण नोकरीच्या अर्जात विचारलं तर भावाने खरंच लिहावं. लपवलेलं उघड झालं की नोकरी जाते.

आणि शिक्षा झालीच, तर त्याच दिवशी त्याच कोर्टात शिक्षा स्थगितीचा अर्ज द्या. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि भाऊ जामिनावर असेल, तर अपिलापुरता जामीन तिथेच मिळतो. सत्र न्यायालयात अपील ३० दिवसांत दाखल व्हायला हवं. परिवीक्षेचा आदेश अपिलातही होऊ शकतो, म्हणून खालच्या कोर्टात दिलेल्या अर्जाची आणि त्यावर झालेल्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा.