ताई फक्त भाऊंची लेक म्हणून मुख्यमंत्री झाल्या का?

शशिकलाताई काकोडकर निव्वळ वडिलांच्या पुण्याईवर गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या, असं काही जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. १२ ऑगस्ट १९७३ ला त्यांचे वडील, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर अचानक गेले आणि खुर्ची ताईंकडे आली, हे कोण नाकारतोय? पण तोवर १९६७ पासूनची आमदारकी आणि राज्यमंत्रिपद त्यांच्या गाठीशी होतं. आणि १९७७ ची निवडणूक? तेव्हा भाऊ नव्हते, देशभर जनता पक्षाचं वारं होतं, तरी त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगोप) तीसपैकी पंधरा जागा काढल्या.

मला विचाराल तर ताईंचं माप १९७५-७६ च्या दोन कायद्यांवर घ्यावं. भाऊंच्या १९६४ च्या कायद्याने कुळाला संरक्षण मिळालं होतं, पण जमीन भाटकाराचीच, म्हणजे जमीनमालकाचीच राहिली. ताईंच्या काळातल्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालक मानलं. भाटकार अर्थातच कोर्टात गेले. दुसरा मुंडकार कायदा. भाटकाराच्या माडांमध्ये घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला, म्हणजे मुंडकाराला, भाटकार 'ऊठ' म्हणाला की चंबूगबाळं आवरावं लागायचं. या कायद्याने ते थांबलं, शिवाय घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क मिळाला. पंचायत क्षेत्रात तीनशे चौरस मीटरपर्यंत. मामलेदार कचेरीत मुंडकारांची प्रकरणं अजून तारखांवर तारखा खात पडली आहेत, हा भाग वेगळा. तो दोष कायद्याचा कमी, राबवणाऱ्यांचा जास्त.

सरकार पडलं ते आकड्यांमुळे. तीसच्या सभागृहात पंधरा म्हणजे रोजची कसरत. एप्रिल १९७९ मध्ये स्वपक्षातलेच तीन आमदार फिरले आणि राष्ट्रपती राजवट आली. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, त्यामुळे फिरणाऱ्याला आमदारकीची भीतीच नव्हती. (आता कायदा आहे, तरी गोव्यात काय चालतं ते आपण बघतोच.) त्यानंतर काँग्रेस, मग वडिलांच्या नावाचा वेगळा पक्ष, मग परत मगोप, हा प्रवास मला कधीच पटला नाही.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र त्या हलल्या नाहीत. १९९० मध्ये शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान मराठी-कोकणी अशा देशी भाषांच्या माध्यमालाच, हे धोरण त्यांनी आणलं. २०११ मध्ये इंग्रजी शाळांना अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचातर्फे रस्त्यावर उतरल्या. तेव्हा त्यांच्याकडे ना आमदारकी होती, ना सांगायला भाऊ.