किड्याचा डोळाच स्पष्ट येतो, बाकी अंग धूसर. हातात कॅमेरा धरून फोकस स्टॅकिंग जमेल का?

जमेल. (फोकस स्टॅकिंग म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस धरून घेतलेल्या फ्रेम जोडून एक स्पष्ट फोटो करणं.) फक्त आधी झोपलेला किडा शोधा. लेन्स, कॅमेरा बारीक बारीक सरकवणारी रेल, सॉफ्टवेअर हे सगळं मी त्यानंतरचं मानते.

फोटो धूसर येतो तो तुमचा हात हलतो म्हणून नाही. किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटत असेल, तर एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र एफ ८ ला ठेवून जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. डोळ्यावर फोकस धरला की पंखांचं मूळ त्याच्या बाहेर गेलंच. एफ २२ केलं, म्हणजे छिद्र आणखी बारीक केलं, तर थर वाढतो, पण इतक्या जवळून ते एफ ४४ सारखं वागतं आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. डोळ्यातल्या षटकोनी भिंगांच्या रांगा पुसल्या जातात, आणि त्यांच्यासाठीच तर आपण गुडघे टेकून बसलेलो असतो.

म्हणून एफ ५.६ किंवा ८ ठेवायचं, फोकस थोडा थोडा मागे नेत फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येकीतला स्पष्ट भाग एकत्र जोडायचा. समजा माशी तिरकी बसलीय आणि मिशीच्या टोकापासून शेपटापर्यंत खोली ८ मिलिमीटर आहे. थर एकमेकांवर चढायला हवेत, म्हणून पाऊल ०.४ मिलिमीटरचं, म्हणजे साधारण २० फ्रेम. पाऊल मोठं पडलं की पाठीवर मधेच धूसर पट्टा उमटतो. जे टिपलंच नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर आणून देत नाही.

आता झोपेबद्दल. माझ्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर दिवसभर निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या मधमाश्या येतात. दिवसा त्यांचं स्टॅकिंग विसरा, त्या एका फुलावर क्षणभरही टिकत नाहीत. पण त्यांचे नर संध्याकाळी एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने घट्ट चावतात आणि रात्रभर तसेच लटकून झोपतात. एका काडीवर कधी कधी पाच-सहा ओळीने! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ फोटो काढायचंच विसरले होते. मावळतीला काडी हेरून ठेवायची आणि सकाळी तिच्यावर ऊन यायच्या आत पोचायचं. त्या वेळी वाराही बहुधा पडलेला असतो.

हातात कॅमेरा असेल तर कोपरं कुंडीच्या काठावर किंवा गुडघ्यावर टेकवा. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. फ्लॅश १/१६ किंवा त्याहून कमी पॉवरवर, म्हणजे तो लगेच पुन्हा तयार होतो. समोर उजेड मऊ करणारा डिफ्युझर हवाच. मग फोकस रिंगला हात न लावता, सलग फ्रेम घेत अंग हळूहळू पुढे झुकवा. माझ्या हातून ८-१० फ्रेम नीट जुळतात. त्याहून जास्त हव्या असतील तर मी ट्रायपॉड लावते.

जोडायला फोटोशॉपचं ऑटो-अलाइन आणि ऑटो-ब्लेंड सुरुवातीला पुरेसं आहे. मी झेरीन स्टॅकर वापरते. त्यात जोडण्याच्या दोन पद्धती आहेत: पीमॅक्स एकमेकांवरून गेलेली लव आणि पाय छान सोडवतं, डीमॅप रंग आणि गुळगुळीत भाग चांगले राखतं. त्यामुळे डीमॅपचं चित्र खाली ठेवून लव तेवढी पीमॅक्समधून ब्रशने घेते.

एक कळकळीची विनंती. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. ते करू नका. तो जीव आपल्या बागेत कामाला आलेला आहे, आणि पहाटे तो आपणहून स्थिर असतोच.

ऊन अंगावर आलं की आधी त्याचं पोट आत-बाहेर होऊ लागतं, मग मिशा हलतात. तिथे कॅमेरा खाली ठेवा. त्यानंतरच्या फ्रेम जोडल्या तर एका मिशीच्या चार दिसतात.